बारवेला बाहेर नसतं

संगणकाने विचारलं, कुठल्या बाजूला? आणि जिगीषाचा हात माउसवर तसाच थबकला.

प्रश्न रोजचाच होता. भिंतीची आतली रेघ असते, तिला जाडी द्यायची म्हटलं की हा बाबा विचारतो, दुसरी रेघ कुठल्या बाजूला काढू? आपण बाहेर टिचकी मारायची, भिंत उभी राहते, मग पुढच्या भिंतीकडे वळायचं. पंचवीस वर्षं ती हेच करत आली होती. वास्तुविशारदांनी काढलेले नकाशे लेसरसाठी तयार करून द्यायचे, लेसरने कापून आलेले तुकडे जोडून हातभर उंचीची प्रतिकृती उभी करायची, आणि गिऱ्हाइकाने तिच्यात डोकावून ‘आमचं स्वयंपाकघर एवढंसंच?’ असं म्हणेपर्यंत थांबायचं. अहमदाबादेतल्या निम्म्या बंगल्यांना बांधायच्या आधी तिने जाडी दिली होती. तिच्या हाताला त्याचं इतकं वळण पडलं होतं, की पालडीच्या आपल्या फ्लॅटमध्ये जेवायला बसल्यावरही भिंतीकडे बघताना तिला भिंत न दिसता दोन समांतर रेघा दिसायच्या. पण आज पडद्यावर बंगला नव्हता. आज तिथे मोटी उंबरीची बारव होती. तिच्या बाचं, म्हणजे आईचं, माहेर उंबरीचं. मागच्या हिवाळ्यात वास्तुकलेची पोरं तिथे जाऊन पंधरा दिवस फितींनी मापं घेत बसली होती, आणि त्यांनी काढलेले नकाशे जिगीषाने मागून आणले होते. पोरांनी काम मन लावून केलं होतं. दर कोनाडा, दर पायरी, खांबांवरची झिजलेली वेलबुट्टीसुद्धा. भिंतीच्या पलीकडे मात्र त्यांनी काहीच काढलं नव्हतं. तिथे नुसते तिरके फराटे होते, माती दाखवायचे, आणि तेही जरा पुढे जाऊन विरून गेले होते. काढणार तरी काय? ती बाजू कुणी पाहिलेलीच नव्हती. ज्यांनी बांधली त्यांनीही खड्डा खणून आत उभं राहूनच दगडावर दगड ठेवला असणार. घराला आत असतं आणि बाहेर असतं. ह्या वस्तूला नुसतंच आत होतं. संगणक वाट बघत होता. शेवटी तिने सवयीने बाहेर टिचकी मारली, कारण कामं अशी अडून राहिली तर रविवार उजाडायचा, आणि रविवारी विहाभाई येणार होता.

विहाभाई म्हणजे उंबरीचा सरपंच. बारवेची जागा बाच्या घराण्याची. मामा निपुत्रिक गेले तेव्हा ती बाच्या नावावर आली, आणि बाने त्यानंतर तिचं नावही काढलं नव्हतं. आता गावाला तिथे लग्नकार्यासाठी वाडी, म्हणजे कार्यालय, बांधायची होती. विहाभाईचा फोन आला तेव्हा जिगीषाने तो मुद्दाम मोठ्या आवाजावर लावला होता. ‘‘फई,’’ तो म्हणाला, कारण गावातून गेलेली लेक म्हणजे सगळ्या गावाची आत्या, तिला फईच म्हणायचं, ‘‘फई, तुम्ही फक्त हो म्हणा. दोन दिवसांत डंपर लावून बुजवून टाकतो. तसाही तिच्यात आता पाण्याचा थेंब नाही, कुत्री पडतात नुसती.’’ बा खाखऱ्यावर कैरीचा छुंदा पसरत होती. ती म्हणाली, ‘‘गावची गोष्ट आहे, फोनवर हो-नाही म्हणायला ती काय भाजी आहे? रविवारी घरी ये, चहा पी, मग सांगते.’’ फोन बंद झाल्यावर जिगीषाने विचारलं, काय सांगणार? बा म्हणाली, ‘‘काय सांगायचं असतं? खड्डा आहे तो. बुजवा म्हणणार.’’ आणि खाखऱ्याचा कड्कन तुकडा मोडला. जिगीषाला तिथल्या तिथे भांडता आलं असतं. एवढी जुनी, एवढी सुंदर वगैरे. पण बाशी भांडून कुणाचं भलं झालं नव्हतं. ती एवढंच म्हणाली, ‘‘रविवारपर्यंत मी तुला ती करून दाखवते. मग काय म्हणायचं ते म्हण.’’ ‘‘मला काही बघायचं नाही,’’ बा म्हणाली. पण नको कर असंही म्हणाली नाही.

आता बाला ती का बघायची नव्हती हे जिगीषाला लहानपणापासून माहीत होतं, म्हणजे जेवढं कळू दिलं होतं तेवढं. बाला एक धाकटी बहीण होती, रळियात. सात वर्षांची. दोघी पाण्याला गेल्या, शेवटच्या टप्प्यावर रळियातचा पाय सरकला. गावातल्या पुरुषांनी गळ टाकले, दोर टाकले, मेहसाण्याहून बुडी मारणारे आणले, पोर काही हाती लागली नाही. त्या बारवेला तळच नाही असं गावात म्हणायचे. मग पाणी भरणं हळूहळू बंद झालं. गावची लेक सासरी निघाली की बारवेत उतरून तोंड धुवायची आणि मगच गाडीत बसायची अशी उंबरीची रीत होती. ती मोडून न धुतल्या तोंडाने सासरी गेलेली पहिली लेक म्हणजे बा. आणि जिगीषा सहासात वर्षांची असताना एकदा तिने विचारलं होतं, रळियातमासी कुठे आहे? बा तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली होती, ‘‘पडतेय अजून.’’ एवढंच. पुढे कितीतरी वर्षं जिगीषाला अंथरुणात पडल्या पडल्या एक फ्रॉक फुगलेली पोर अंधारातून खाली खाली जाताना दिसायची, आणि ती कधीच कुठे पोचायची नाही. बा मोठ्या दुकानांच्या तळघरात उतरत नसे. लिफ्टमध्ये खाली जाताना जिगीषाचं मनगट घट्ट धरी. मोरीतलं पाणी शेवटी घळघळ करत जाळीतून जाई तेव्हा ती हातातलं काम थांबवून ते संपेपर्यंत उभी राही. हे सगळं घरात इतकं रुळलेलं होतं, की ह्या सगळ्याचा धागा एकाच जागी जातो हे जिगीषाला पन्नाशीला येईतो कधी नीट सुचलं नव्हतं.

बाहेर टिचकी मारून झाली, सगळ्या थरांना बोटभर जाडीची भिंत मिळाली, आणि गुरुवारी ती नमुना कापून घ्यायला शाहपूरला गेली. तिथे इलियासभाईंचं लेसरचं दुकान. इलियासभाई हा बोलका माणूस. लग्नपत्रिका, देवांच्या नावाच्या पाट्या, गरब्याच्या दिवसांतले आरसे बसवायचे गोल, सगळं एकाच यंत्रावर आणि एकाच उत्साहाने कापून देणारा. त्याने थर कापले, जिगीषाने तिथेच स्टुलावर बसून ते एकावर एक रचले, आणि दोघंही बघत राहिले. टेबलावर एक उंच, अरुंद, पायऱ्यापायऱ्यांची इमारत उभी होती. जमिनीच्या वर. चारी बाजूंनी हवा असलेली. ‘‘वा, जिगीषाबेन!’’ इलियासभाई म्हणाला, ‘‘काय झकास बंगला आहे. कुणाचा? आत एक पिवळा दिवा सोडा, बघा कसा दिसतो. मी तर म्हणतो, वर एक कळस पण द्या.’’ जिगीषाला हसू आलं आणि लगेच लाजही वाटली. ही चूक नकाशे करणाऱ्या माणसाशिवाय कुणी केलीच नसती. उंबरीच्या शेंबड्या पोरालाही कळलं असतं की बारव म्हणजे जमीन आहे आणि जमिनीतून काहीतरी काढून घेतलंय. तिने बारवेला घर समजून बाहेरची बाजू दिली होती, आणि बाहेरची बाजू मिळताच बारव नाहीशी झाली होती. ‘‘हे फेकून द्या,’’ ती म्हणाली. ‘‘फेकू? अहो, माझ्या पोरीला बाहुलीचं घर होईल,’’ इलियासभाई म्हणाला आणि त्याने ते उचलून मागच्या फळीवर ठेवलंसुद्धा.

शुक्रवारी तिने दुसरं कुठलंच काम हातात घेतलं नाही. सकाळी खिडकी उघडून, पंखा लावून, ती परत पहिल्या थरापासून बसली. प्रमाण असं निघालं होतं की पुठ्ठ्याचा एक थर म्हणजे बारवेची एक पायरी. म्हणजे एकेक थर साफ करत जायचं आणि एकेक पायरी उतरायची. आधी नमुन्याच्या घाईत तशाच सोडलेल्या पोरांच्या रेघा निस्तरायच्या. पाचसहा जणांनी काढलेल्या त्या, एकाच भिंतीची रेघ तिघांनी एकावर एक टाकलेली. पडद्यावर ती एकच दिसते, पण लेसर बापडा तिन्ही रेघांवरून तीनदा फिरतो आणि पुठ्ठा जाळून कोळसा करतो. ती एकावर एक पडलेल्या रेघा शोधून एकेकच ठेवत गेली. मग उघड्या राहिलेल्या कोपऱ्यांना जोडायचं, कारण रेघ कुठे केसभरही सुटलेली असली की आतला तुकडा सुटून पडत नाही. मग कापायच्या रेघा लाल, नुसत्या ओरखडायच्या निळ्या. शिवाय लेसरलाही स्वतःची जाडी असते, तो जातो त्या वाटेवरचं थोडं जाळून खातो, तेवढं मोजून आधीच सोडायचं. ही सगळी तिच्या हातची कामं. डोकं न लावता ती व्हायची, आणि म्हणूनच बहुधा डोकं खाली उतरत गेलं. वरच्या थरांमध्ये पायऱ्या चांगल्या रुंद होत्या, चार बायका कमरेवर हंडे घेऊन शेजारीशेजारी उतरतील अशा. पहिल्या टप्प्यावर दोन्ही बाजूंना ओटे, आणि ओट्याला बरोबर हंड्याच्या बुडाएवढे खळगे. कुणीतरी विचार केला होता की इथे आल्यावर बाई थांबेल, तिला भार खाली ठेवावासा वाटेल. पुढच्या टप्प्यावर भिंतीतला कोनाडा, दिव्यासाठी. त्याच्या पुढच्या टप्प्यावर खांब दुप्पट जाड, कारण आता अंगावर येणारी माती वाढली. जसजसे थर खाली गेले तसतशी तिला पंख्याखालीसुद्धा थंडी वाटायला लागली. हे वेडेपणाचं होतं, पण तिने उठून खरोखरच शाल घेतली. आणि कुठल्याशा थरावर, पंचविसाव्या की तिसाव्या, ती माउस सोडून नुसती बसून राहिली. कुणी एक माणूस उंबरीच्या सपाट, धुळीच्या माळावर उभा राहिला असेल. त्याच्या पायाखाली टणक जमीन. आणि त्याला ह्या जमिनीच्या आत, जिथे अजून काही नाही तिथे, जिना दिसला असेल, ओटे दिसले असतील, बायकांचे आवाज घुमताना ऐकू आले असतील, आणि तळाशी पाणी. बाकीचे लोक भिंती बांधून जागा करतात. ह्याने आधी जागा बघितली आणि मग तेवढीच माती दूर केली. जिगीषा गेली पंचवीस वर्षं स्वतःला ह्या धंद्यातली जाणकार समजत आली होती. तिला वाटलं, आपल्याला ह्यातलं ओ की ठो कळलेलं नाही, आणि असं वाटून तिला विलक्षण आनंद झाला. लहानपणी पहिल्यांदा आरशासमोर दुसरा आरसा धरला होता तेव्हा असंच झालं होतं. तिने नकळत हात जोडले, मग कुणी बघत नाही ना म्हणून दाराकडे बघितलं. दारात बा उभी होती. ‘‘पडद्याला नमस्कार करतेस?’’ बा म्हणाली. ‘‘चहा गार होतोय.’’

बाहेरची बाजू तिने द्यायचीच नाही असं ठरवलं. प्रत्येक थर आता पुठ्ठ्याचा पूर्ण चौकोन, कडेपासून कडेपर्यंत माती, आणि मधोमध फक्त पोकळीची रेघ. शेवटचे थर तर अगदी सोपे होते. जिना संपला होता, उरला होता नुसता विहिरीचा गोल. एक गोल, मग तसाच दुसरा, मग तिसरा. ती मोजत नव्हती, पण वाट बघत होती, आणि मग ते थर संपले. पुढे काही नव्हतं. पोरांनी तळाशी कोरड्या गाळात उभं राहून फीत वर धरली होती, आणि तिथे एक आडवी रेघ ओढून साध्या अक्षरांत लिहिलं होतं, तळ. जिगीषाने ती रेघ बराच वेळ बघितली. त्या रेघेवर टेकलेला शेवटचा थर, पुरीएवढा गोल, तेवढा रंगवायचा राहिला होता. तिच्या हाताखालून आज शेकड्यांनी रेघा गेल्या होत्या, पण ह्या एकीला लाल रंग द्यायला तिचं बोट उचलेना. द्यायचा की नाही असा प्रश्न नव्हता, लेसरला तो हवाच होता. तिने दिला आणि संगणक बंद केला.

शनिवारी दुपारी इलियासभाईने सगळे थर कापले. यंत्राच्या काचेतून निळसर ठिणगी फिरताना दिसत होती आणि जळक्या पुठ्ठ्याचा गोडसर वास दुकानभर कोंडला होता. एकेक पुठ्ठा बाहेर आला की इलियासभाई तो झटकायचा, मधला तुकडा टपकन खाली पडायचा, आणि तो पायाने एका गोणीकडे सरकवायचा, गोणी समोरच्या भजीवाल्याच्या भट्टीत जायची. पाचसहा तुकडे असे गेल्यावर जिगीषा एकदम म्हणाली, ‘‘थांबा.’’ ती खाली वाकून तुकडे गोळा करायला लागली. ‘‘बेन, ते काय करताय? कचरा आहे तो,’’ इलियासभाई म्हणाला. ती गोळा करतच राहिली. हे तुकडे म्हणजेच तर तो जिना, ते ओटे, ती थंडी. पुठ्ठ्याच्या चौकोनात जे उरलं ती नुसती माती होती. तिने एकेक तुकडा गोणीतून काढला, फरशीवर फतकल मारून बसली आणि क्रमाने डिंकाने चिकटवत गेली. सर्वांत मोठा तुकडा खाली ठेवला तरच ते उभं राहत होतं, म्हणून सगळं उलटं झालं. लांब पायापासून एक जिना चढत चढत गेला, जाड्या खांबांच्या जागी आरपार भोकं राहिली, आणि टोकाला तो पुरीएवढ्या गोलांचा एक मनोरा उंच उभा राहिला. बारवेतली पोकळी तिच्यासमोर घट्ट होऊन बसली होती. तिला हात लावता येत होता. इलियासभाईही यंत्र बंद करून येऊन शेजारी उकिडवा बसला.

घरी तिने दोन्ही वस्तू जेवायच्या टेबलावर ठेवल्या. बा स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तिने पुठ्ठ्याच्या ठोकळ्यातलं ते खोल खोल गेलेलं काळं विवर एकदाच बघितलं, आणि खुंटीवरचा टॉवेल काढून त्याच्यावर टाकला. ‘‘झाकून ठेव ते,’’ ती म्हणाली. जिगीषाला वाटलं, संपलं. उद्या विहाभाई येणार, बा बुजवा म्हणणार, आणि आपण करून करून काय केलं, तर म्हाताऱ्या बाईला घाबरवलं. बा मात्र दुसऱ्या वस्तूकडे बघत होती. ‘‘हे कुठलं देऊळ?’’ तिने विचारलं. ‘‘छान आहे. डोंगरावरचं दिसतंय. पायऱ्या बऱ्याच आहेत.’’ तिने खुर्ची ओढली आणि ते उचलून मांडीवर घेतलं. खोटं बोलायची ही वेळ होती, आणि जिगीषाच्या जिभेवर एक देऊळ आलंही होतं. पण ती म्हणाली, ‘‘बा, ते देऊळ नाही. ती उंबरीची बारव आहे. आतली जागा, उलटी धरली आहे.’’

बाने ते खाली ठेवलं नाही. मग बाचं बोट सर्वांत खालच्या थरावर गेलं आणि हळूहळू पायऱ्या चढायला लागलं. ‘‘इथे चिंच होती,’’ ती म्हणाली. एक टप्पा आला. ‘‘इथे हंडे ठेवायचो. माझा छोटा होता, खळग्यात डगडगायचा, रळियात हसायची.’’ पुढचा टप्पा. ‘‘इथे आवाज दिला की तीनदा यायचा. ती स्वतःचं नाव ओरडायची, वेडी.’’ बोट पुढे गेलं, जिना संपला, आणि तिथे, मनोऱ्याच्या पायथ्याशी, ते थांबलं. मग बोट त्या गोल खांबावरून, थरांच्या जळक्या कडांवरून, खडखड करत वर गेलं आणि टोकावरच्या सपाट गोलावर टेकलं. बाने पूर्ण तळवा त्याच्यावर ठेवला. ‘‘इथे काय आहे?’’ तिने विचारलं. ‘‘तळ,’’ जिगीषा म्हणाली. ‘‘पोरं उभी राहून आली तिथे.’’ बा तिच्याकडे बघत राहिली. ‘‘उभी राहिली?’’ ‘‘हो. माती आहे. कोरडी.’’ ‘‘म्हणजे एवढंच आहे?’’ बा म्हणाली. ‘‘एवढंच?’’ आणि ती रडायला लागली. जिगीषाने तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, वडील गेले तेव्हासुद्धा. आवाज न करता, तळवा तिथून न हलवता ती रडत होती, आणि तिचा चेहरा दमलेला दिसण्याऐवजी लहान, अगदी लहान दिसत होता. जिगीषाला भीती वाटली नाही, दुःखही नीट वाटलं नाही. आपल्यासमोर काहीतरी फार मोठं घडतंय आणि आपल्याला ते बघायला मिळतंय, एवढंच तिला वाटत होतं. तिने बाच्या पाठीवर हात ठेवला.

रविवारी विहाभाई आला. आडव्या अंगाचा, पांढरा सदरा, जिना चढून धापा टाकणारा. चहा बशीत ओतून पिताना तो गावच्या चार गोष्टी बोलला, आणि मग म्हणाला, ‘‘फई, डंपरवाला सोमवारची तारीख देतोय. काय सांगू त्याला?’’

बाने विचारलं, ‘‘विहा, पायऱ्या धड आहेत का रे?’’

‘‘धड आहेत. दगडाला काय धाड भरलीय? पण तुम्हाला पायऱ्यांचं काय, फई? वर झकास वाडी होईल. तुमचं नाव देऊ.’’

‘‘माझं नाव कशाला? मी जिवंत आहे अजून.’’ बा म्हणाली. ‘‘विहा, आमची रळियात तिथे खाली आहे. सात वर्षांची पोर. इतकी वर्षं तिच्याकडे कुणी गेलं नाही. मी बहीण असून गेले नाही. आणि आता तू मला विचारतोस, वरून माती टाकू का?’’

विहाभाईने बशी खाली ठेवली. ‘‘फई, मी तसं...’’ तो म्हणाला.

‘‘गाडी आणलीयस ना? मला तिथे घेऊन चल.’’

‘‘आज?’’ जिगीषा म्हणाली. ‘‘बा, तुझे गुडघे...’’

‘‘उतरताना तू धर. चढताना हा उचलेल, खाऊन खाऊन एवढा झालाय तो कशासाठी?’’ बा उठून दाराशी गेली, भिंतीला धरून तिने चपलांत पाय घातले, आणि मागे वळून म्हणाली, ‘‘जिगी, पैसे घे थोडे. वाटेत कापडवाल्याकडे थांबायचंय. लाल चुनडी घ्यायची आहे. मोठी नको. सात वर्षांच्या पोरीला होईल अशी.’’